काठवटीतली तानकी

मित्रांनो, मला परात म्हणू नका. परात पितळेची असते. घासली की चकाकते आणि हातातून पडली की सगळ्या आळीला कळवते. मी एक जुनी काठवट आहे. एकाच अखंड लाकडाची, रुंद, उथळ, आणि खरं सांगायचं तर एका बाजूला चीर गेलेली. भाकरीचं पीठ मळण्यासाठी माझा जन्म झाला. पुढे माझ्यात काय काय मळलं गेलं ते ऐकाल तर हसाल.

आधी मी बाभूळ होते. सांगलीजवळ कृष्णेच्या काठी, एका मळ्याच्या बांधावर उभी होते. वळवाच्या वाऱ्यात उन्मळून पडले, तेव्हा सयाजी सुताराने माझा बुंधा निवडला. वाकसाने पोखरून पोखरून त्याने मला आकार दिला, पोटात करडईचं तेल मुरवलं आणि मला अण्णा मास्तरांच्या घरी पोचवलं. देताना म्हणाला, "हिला उन्हात टाकू नगा, आन लय दीस कोरडी ठिवू नगा. मग बघा, नातवंडंबी खातील हिच्यात."

अण्णांच्या पत्नी उमाकाकू माझ्यात रोज जोंधळ्याचं पीठ मळत. त्यांच्या हाताला फार छान लय होती. भाकरी थापताना माझ्या अंगातून थप थप आवाज निघे आणि तो ऐकला की त्यांची लहानगी शरयू चुलीपाशी येऊन बसे. ती वाट बघे चानकीची. चानकी ठाऊक आहे ना? सगळ्या भाकऱ्या झाल्या की काठवटीला चिकटलेलं पीठ ओल्या बोटांनी खरवडून घेतात आणि त्याची तळहाताएवढी भाकरी थापतात, ती चानकी. ती घरातल्या सगळ्यात धाकट्याची. तिच्यावर दुसऱ्या कुणी डोळा ठेवायचा नसतो. तुम्हाला म्हणून सांगते, मला मोठ्या भाकरीपेक्षा चानकीचंच कौतुक जास्त. तिच्यामुळे माझी कूस अगदी लख्ख होते.

पुढे घरात पितळेची परात आली आणि माझे दिवस फिरले. मला दाराआड उभं केलं, माझ्यात कांदे साठवू लागले. तेल कुठलं आणि पाणी कुठलं! पोटातलं लाकूड सुकलं आणि एका उन्हाळ्यात मला ती चीर पडली. वाईट वाटलं. ज्या घराला इतकं खाऊ घातलं, त्याने निदान दाराआड तरी टाकायला नको होतं.

मग लढाईच्या दिवसांत शरयू पुण्याहून परत आली. लहान मुलांना कसं शिकवायचं याचं शिक्षण ती घेऊन आली होती. सांगलीच्या वखारींत तेव्हा हळदीचा हंगाम होता. आसपासच्या बायका पहाटेच हळद निवडायला जात आणि संध्याकाळी कोपरापर्यंत पिवळ्या होऊन परतत. त्यांची पोरं दिवसभर वखारीच्या दारात धुळीत लोळत. ते पाहून शरयूने अण्णांचा रिकामा गोठा सारवून घेतला आणि त्यात महिनाभराचं बालमंदिर उघडलं. सामान म्हणाल तर चार घोंगड्या, एक ढोलकी आणि मी. मला दाराआडून बाहेर काढताना उमाकाकू म्हणाल्या, "ने खुशाल. पण सतरा ठिकाणची पोरं हात घालणार तिच्यात. आता माझ्या स्वयंपाकघरात ती परत यायची नाही."

नाही तर नाही. मला काय, मी मजेत होते. सकाळी माझ्यात पाणी भरून मुलं कागदाच्या होड्या सोडत. चिरेतून पाणी झिरपे, मग चिखल, मग त्या चिखलात नाचणं. दुपारी माझ्यात चिंचोके ओतून रंगाप्रमाणे निवडत. कुणाचं तान्हं भावंड रडू लागलं की घोंगडी घालून त्याला माझ्यात निजवत आणि मी पाळण्यासारखी डुलत असे. एकदा तर सगळ्यांनी मला नदीवर नेऊन पाण्यात सोडलं, तेव्हा अण्णा धोतर सावरत माझ्यामागे धावले. अण्णा वयाने साठीचे, पण महिनाभर तेही बालमंदिरातच होते. पाणी पाजायचं काम त्यांच्याकडे. हातात तांब्या, ओठांत गाणं.

या सगळ्यात एक मुलगी मात्र सामील नव्हती. तिचं नाव मनू, वय चारच्या आसपास. तिचा बाप लालासाहेब पलटणीत होता, ब्रह्मदेशाकडे कुठेतरी लढत होता. आई राहीबाई वखारीत हळद निवडी. मनू येई, माझ्या शेजारी बसे, माझ्या काठावरून बोट फिरवत राही. दुपारी मुलांना खीर मिळे, भिजवलेले शेंगदाणे मिळत. मनू तोंड मिटून घेई.

"मनू, काय हवं बाळा तुला?" शरयू विचारी.

मनू म्हणे, "तानकी."

आता शरयूला या मुलांची बोली चांगली येऊ लागली होती आणि तिला त्याचा जरासा अभिमानही होता. तान म्हणजे तहान, हे तिने पहिल्याच दिवशी शिकून घेतलं होतं. "अण्णा, हिला तान लागलीय," ती हाक मारी. अण्णा तांब्या घेऊन हजर. मनू पाणी पिई आणि पुन्हा म्हणे, "तानकी." पुन्हा तांब्या. "उन्हाचा तडाखाच तसा आहे," अण्णा म्हणत. "हिच्या पोटात विहीर आहे की काय?"

मित्रांनो, मला तिथे बसून सगळं कळत होतं. जिच्या पोटात आयुष्यभर चानक्या थापल्या गेल्या, तिला नाही कळणार तर कुणाला? मनूच्या जिभेला अजून 'च' वळत नव्हता, एवढीच गोष्ट. घरी आई तिच्या हातात आधी चानकी देत असणार आणि मगच ती बाकीचं जेवत असणार. पण मी पडले लाकडाची. जीव तळमळे आणि तोंडातून आवाज म्हणून निघत नसे.

एके संध्याकाळी राहीबाई आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. हात पिवळे, डोळे लाल.

"बाई, राग धरू नगा," त्या शरयूला म्हणाल्या. "पोरगी रातच्याला घरी खाती, पर दिसभर उपाशी ऱ्हाती. का गं म्हनून इचारलं, तर म्हनती, बाई नुसतं पाणीच पाजत्यात."

शरयू गोरीमोरी झाली. "अहो, तीच मागते पाणी. खीर पुढे केली तर तोंड फिरवते."

"खरं असंल. पर उद्याच्याला न्हाई जेवली, तर मी वखारीचं काम सोडती. पोटासाठी राबायचं आन पोटचंच पोर उपाशी ठिवायचं, ह्याला काय अर्थ हाय? वखारीतल्या दगडाबाई आन रंगूबाईबी म्हनत्यात, आमीबी पोरं परत नेतो."

त्या गेल्या. राहीबाईंचं काम सुटलं तर घर कशावर चालणार, हे शरयूला ठाऊक होतं. पलटणीतून येणारे पैसे कधी वेळेवर येत नसत. ती माझ्या काठावर हात टेकून बसली. "माझं कुठे चुकतंय गं?" असं ती पुटपुटली. ती मलाच विचारत होती असं मी धरून चालले. उत्तर माझ्या पोटातच होतं, पण ते द्यायचं कसं?

दुसऱ्या दिवशी मातीकाम होतं. नदीची चिकण माती माझ्यात मळली गेली. मुलांनी बैल केले, जातं केलं, एकाने अण्णांचा तांब्या केला. माती संपली. मग मनू सरकत माझ्याजवळ आली. तिने बोटं पाण्यात बुडवली आणि माझ्या कुशीला चिकटलेली माती हळूहळू खरवडायला लागली. सगळी कड फिरून तिने एक गोळा जमवला. तो माझ्या मधोमध ठेवला आणि थापू लागली. थप थप. इतक्या वर्षांनी माझ्या अंगातून तो आवाज निघाला. तळहाताएवढी झाल्यावर तिने ती उचलली, उन्हात तापलेल्या एका दगडावर टाकली आणि वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवला, अगदी तव्यावर फिरवतात तसा.

"तानकी," ती दगडाकडे बघत म्हणाली.

अण्णा सवयीने तांब्या घेऊन निघालेच होते. शरयूने त्यांचा हात धरला. थापण्याचा आवाज ऐकून ती आपसूक माझ्याजवळ येऊन बसली होती, लहानपणी चुलीपाशी येऊन बसे तशीच.

"अण्णा, थांबा. पाणी नको," ती म्हणाली. मग मनूपुढे वाकून तिने विचारलं, "चानकी?"

"व्हय," मनू म्हणाली. "तानकी."

शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. मला खळखळून धुतलं गेलं. अंगणात तीन दगडांची चूल मांडली गेली. उमाकाकू पिठाचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आल्या, क्षणभर घुटमळल्या, मग पदर खोचून सरळ माझ्यापुढे येऊन बसल्या. "सोवळं उद्या बघू," म्हणाल्या आणि माझ्यात पीठ ओतलं. त्यांनी पहिलीच भाकरी लहान थापली आणि मनूच्या हातात दिली. मनूने नाही म्हणून मान हलवली. बरोबरच आहे. चानकी का पहिल्या पिठाची होते? उमाकाकूंनी कपाळाला हात लावला, "अगं हो, मीच विसरले की." मग त्या मोठ्या भाकऱ्या थापत गेल्या, मुलं गरम गरम खात गेली आणि मनू शहाण्यासारखी वाट बघत राहिली. शेवटी पीठ खरवडून केलेली ती एवढीशी भाकरी तिला मिळाली. ती संपवून मनूने वाटीभर खीर खाल्ली आणि आणखी मागितली.

संध्याकाळी राहीबाईंना हे कळलं, तेव्हा त्या माझ्या शेजारीच मटकन बसल्या. "आवं, ती घरी येताजाता म्हनती की तानकी, तानकी," त्या म्हणाल्या. "मला काय ठावं तुमाला कळत न्हाई म्हनून!" त्यांनी वखार सोडली नाही आणि बालमंदिरही महिनाभर नीट चाललं. त्या दिवसापासून सगळी मुलं चानकीला तानकीच म्हणू लागली. अण्णासुद्धा.

लढाई संपली आणि पुढच्या उन्हाळ्यात गोठा पुन्हा सारवला गेला. एका दुपारी, माझ्यात मुलांच्या भाकऱ्या थापून होताच, खाकी कपड्यातला एक उंच माणूस दारात आला. लालासाहेब पलटणीतून सुटून स्टेशनावरून थेट लेकीला बघायला आला होता. मनूला तो ओळखू येईना. शरयूने सांगितलं, "मनू, हे तुझे आबा." मनू त्याच्याकडे बघत राहिली. तो गुडघ्यावर बसला.

"काय पायजे रं माझ्या बाळाला?" त्याने विचारलं.

एव्हाना मनूला 'च' चांगला म्हणता येत होता. पण बालमंदिराचा शब्द तो बालमंदिराचा शब्द. ती म्हणाली, "तानकी."

"तान लागली व्हय? थांब हां," असं म्हणून लालासाहेबाने घाईघाईने कमरेची पलटणीतली पाण्याची बाटली सोडली.

अण्णा पुढे होणार, तोच शरयूने त्यांना खुणेने थांबवलं. मनूने बापाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. मग त्याचा तो राकट हात धरून तिने माझ्यापर्यंत ओढत आणला आणि माझ्या कुशीला चिकटलेल्या पिठावर ठेवला. "पाणी न्हवं आबा," ती म्हणाली. "ही." बाप-लेकीने मिळून पीठ खरवडलं. त्याने थापलेली चानकी वेडीवाकडी झाली. कधी कुणाला अर्धी न मिळणारी ती चानकी मनूने त्या दिवशी मोडली आणि मोठा तुकडा त्याला दिला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण दाराआड उभी असेल, तर तिला तेलाचा हात लावा आणि उन्हात टाकू नका. आणि माझं आणखी एक ऐका. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प राहिले; तुम्हाला आहे. एखादं लहान मूल काही मागत असेल आणि त्याला काय हवं ते आपल्याला कळलं असं तुम्हाला वाटलं, तर तांब्या उचलण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "दाखव बघू."