दहावा फोटो

मास्तरांनी चष्मा पुसला आणि तोच एक्स-रे पुन्हा प्रोग्रॅममधून सोडला. पडद्यावर लाल चौकट उमटली नाही.

"म्हणजे तुमच्या गणिताला हे ठीक वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डाव्या फुप्फुसातल्या फिकट डागावर त्यांचं बोट होतं. "मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून बरं. नाहीतर हा माणूस आज घरी गेला असता."

मास्तरांनी मान हलवली. इस्पितळात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवलं त्यांनी कधी कुणालाच नव्हतं. दहा निरोगी माणसांच्या छातीचे फोटो एकावर एक ठेवून त्यांनी प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाची सरासरी काढली होती, आणि त्या सरासरीपासून किती हलायला मुभा, तेही. मुभेबाहेर गेलं की लाल चौकट. आता त्यांनी त्या मुभेचा नकाशा उघडला. सगळीकडे ती चिमूटभर होती; डाग होता तिथे मात्र ऐसपैस. दहांपैकी कुणीतरी एकाने ती ताणली होती.

ते एकेक फोटो वगळून रुग्णाचा एक्स-रे पुन्हा पुन्हा तपासू लागले. नऊ वेळा काही झालं नाही. दहावा वगळला, आणि चौकट उमटली.

दहावा कुणाचा, हे त्यांना बघावं लागलं नाही. नऊ जमले होते, दहावं कुणी मिळेना, तेव्हा डबा घेऊन आलेल्या बायकोलाच त्यांनी उभं केलं होतं. गळ्यातली साखळी त्यांच्या हातात देत ती म्हणाली होती, "नापास केलंत तर उद्यापासून डबा बंद." तपासायचंय काय त्यात, तू पासच, असं ते म्हणाले होते. फोटो कुणी पाहिलाच नाही. निरोगी म्हणूनच तो घेतला होता. खोकला सुरू झाला तो वर्षभराने. ती जाऊनही आता सात महिने झाले होते.

मास्तरांनी दहावा फोटोच प्रोग्रॅममधून सोडला. चौकट त्याच जागी आली.

"अहो, या कोण?" बाई पुढे वाकल्या. "नंबर असेल ना यांचा? आत्ताच बोलावून घ्या."

बाई महिन्याभरापूर्वीच इथे रुजू झाल्या होत्या. मास्तरांनी फोन उचलला आणि न बघता आकडे दाबले. पलीकडे घंटी वाजू लागली. ती आपोआप थांबेपर्यंत त्यांनी ऐकली.

"घरी कुणी नाही," ते म्हणाले.

"मग संध्याकाळी पुन्हा करून बघा."

"करतो."