इंजिनाचा कान

मित्रांनो, मोटारीला डोळ्यांसारखे दिवे असतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. पण तिला कानही असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो कान म्हणजे मी. मला नॉक सेन्सर म्हणतात. आता जुना झालो आहे, तेलाने काळवंडलो आहे. तरी कान अजून तिखट आहे.

माझा देह म्हणजे मधोमध भोक असलेली एक जाड चकती. पोटात स्फटिकाची पातळ कपची आहे. ती हादरली की तिच्यातून विजेची बारीकशी लहर उठते. कारखान्यात मला एका ठोकळ्यावर आवळले आणि त्याला हादरे देऊन माझी परीक्षा घेतली. एकही हादरा मी चुकवला नाही, तेव्हा कुठे माझ्यावर पसंतीचा ठसा उमटला.

मग मला एका इंजिनाच्या अंगाला बोल्टने घट्ट बसवण्यात आले. चढावर भार पडला की इंजिनाच्या पोटातले इंधन कधीकधी अवेळी पेटते आणि टकटक सुरू होते. यालाच नॉक म्हणतात. ती वाढली तर इंजिनाची हाडे खिळखिळी होतात. म्हणून ती ऐकताच मी मोटारीच्या संगणकाला वर्दी देतो, तो ठिणगी किंचित उशिरा पाडतो आणि टकटक थांबते. वर्षानुवर्षे मी हे काम केले. कौतुक कोणी केले नाही. कानाचे कौतुक कोण करतो? तो दुखला की आठवतो.

आमची मोटार एका बाईंची होती. त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, सुटीच्या दिवशी बॉनेट उघडून आत डोके घालण्याची भारी हौस. अशाच एका सुटीत साफसफाई करताना त्यांनी मला सोडवले. एवढ्या नाजूक वस्तूला सारखे हादरे बसतात, हे पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी माझ्याखाली रबराची मऊ चकती घातली आणि मला पुन्हा बसवले. हेतू अगदी निर्मळ होता. पण मित्रांनो, हादरा हेच माझे ऐकणे. दादांनी मायेपोटी माझ्या कानात बोळा घातला होता.

मी बहिरा झालो. माझ्याकडून काहीच कळेना, म्हणून संगणकाने सावधगिरीने ठिणगी कायमचीच उशिरा पाडायला सुरुवात केली. इंजिन वाचले, पण चढावर त्याचा दम तुटू लागला. चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दादांनी तो किरकोळ ठरवला आणि त्यावर काळी पट्टी चिकटवली. आधी कान बुजवला, मग डोळा झाकला.

नेमक्या त्याच काळात दादांची पत्नी, म्हणजे बाईंच्या वहिनी, गाडी शिकत होत्या. परवान्याच्या परीक्षेत चढावर थांबून पुन्हा निघावे लागते. तिथे मोटार दोनदा बंद पडली आणि वहिनी दोनदा नापास झाल्या. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, सरावातही तेच झाले. तेव्हा बाईंनी मोटार सरळ गॅरेजात आणली. वहिनी आणि दादा बरोबर होतेच.

"गाडीला काही झालेलं नाही, मिस्त्री," दादा म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"नाचणारी इथंच उभी आहे," वहिनी म्हणाल्या. "उद्या जमलं नाही तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. मग नाचा तुम्ही एकटेच."

"वहिनी, असं नका बोलू. आज चढावर माझ्याही हातात मेली ती," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी काळी पट्टी सोलून काढली, तपासणीचे यंत्र जोडले आणि दोष वाचला. दोष माझ्याच नावावर होता.

"सेन्सर गेला ना? मग नवा टाका," दादा म्हणाले.

"नवा यायला आठवडा जाईल. आणि गेलाय का, ते आधी त्यालाच विचारू."

त्यांनी माझ्या तारांना मीटर लावला आणि शेजारी इंजिनावर पान्याने हलकेच ठोकले. आकडे हलले नाहीत. तारा टोकापासून टोकापर्यंत तपासल्या, त्या धड होत्या. मग मला सोडवून टेबलावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरले आणि पकडीवर टिचकी मारली. मीटरवरचे आकडे टुणकन उडाले.

"जिवंत आहे की हा," मिस्त्री म्हणाले. "मग इंजिनावर मूग गिळून का बसतो?"

ते बत्ती घेऊन इंजिनावर वाकले आणि त्यांनी नखाने रबराची चकती उचलून आणली. "हे कोणी घातलं?"

दादांनी घसा साफ केला. "त्याला हादरे बसू नयेत म्हणून..."

"साहेब, कानात बोळे घालायचे आणि वर म्हणायचं, ऐकत नाही."

"अहो," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे अंगण वाकडंच होतं की."

मिस्त्रींनी माझी बैठक घासून लख्ख केली. लोखंडाला लोखंड भिडवून, मापाच्या पान्याने मला जेवढे हवे तेवढेच आवळले. सैल राहिलो तर ऐकू येत नाही, फार आवळला गेलो तर भलतेच ऐकू येते. पुन्हा इंजिनावर पान्याची टिचकी पडली आणि मीटरवर आकडे नाचू लागले. नोंदलेला दोष पुसला गेला. पिवळा दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी परीक्षक वहिनींच्या शेजारी बसले. चढाच्या मध्यावर मोटार थांबली. वहिनींनी हँडब्रेक सोडला. इंजिनावर भार आला आणि त्याच्या पोटात पहिली टकटक उठली. मी ती टिपली, क्षणात वर्दी दिली, ठिणगी केसभर सरकली आणि मोटार एका दमात वर गेली. मागे तसूभरही घसरली नाही.

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "पास."

वहिनी मोटार वळवून खाली आल्या. तिथे दादा आणि बाई उभे होते. वहिनींनी काच खाली केली.

"वन्सं, तुम्ही पुढे बसा. अहो, तुम्ही मागे. आणि पट्टा लावा."

"लावतो," दादा म्हणाले. त्यांनी खरोखरच लावला.

घर सपाट रस्त्याला होते. तरी वहिनींनी मोटार मुद्दाम पुन्हा त्याच चढावरून नेली. त्या दिवशी ऐकताना मला जो आनंद झाला, तो कारखान्यात पसंतीचा ठसा उमटतानाही झाला नव्हता.

मित्रांनो, वस्तूला जरूर जीव लावा. पण मऊ गादी घालण्याआधी, तिचे काम काय, हे विचारून घ्या. लागलेला दिवा झाकू नका. आणि तुमच्यातले कोणी पुन्हा पुन्हा त्याच चढावर अडत असेल, तर त्याला हसण्याआधी एकदा गाडी तपासून पाहा.