फणसाखालची साइट

सत्तावन साल होतं. आणे जाऊन नवे पैसे आले होते, आणि एका आण्याचे सहा नवे पैसे की सव्वासहा यावरून बंगळूरला मल्लेश्वरमच्या बाजारात रोज एक तरी भांडण ठरलेलं. त्या भांडणात कोथिंबिरीच्या जुडीमागे पाव पैसा वाचवणारी शालन त्याच वेळी एका जागेचा भाव पन्नास-पन्नास रुपयांनी वर चढवत होती, असं कुणी सांगितलं असतं तर वठारातल्या बायकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गोष्ट खरी होती.

वठार म्हणजे एका अंगणाभोवती सात बिऱ्हाडं, आणि सात बिऱ्हाडांत नळ एक. लग्न होऊन निपाणीहून शालन इथं आली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्या नळावर तिचा नंबर चौथा होता आणि चौथाच राहिला. तिला फार काही नको होतं. रस्त्याकडे उघडणारं स्वतःचं दार, दारात तुळस आणि स्वतःचा नळ, ज्याच्यापुढे बादली ठेवून कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, एवढंच हवं होतं.

तिचा नवरा उमाकांत जालहळ्ळीच्या यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कागदावर रेघ ओढावी तर त्यानंच. पण या सरळ रेघेच्या माणसाला जागेच्या भावाची रेघ काही पकडता येईना. आधी आठशेची साइट, म्हणजे घरापुरती मोकळी जागा, बघितली. पोटाला चिमटे घेऊन आठशे जमवले, तोवर ती हजाराची झाली. हजार जमवून पोस्टात टाकले, तोवर बाराशे. दुसऱ्यांदा तोंडात मारल्यासारखा घरी आला, सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला,

"माझा पगार वर्षाला पाच रुपयांनी वाढतो. साइट आपण जेवायला बसलो तर हात धुवेपर्यंत वाढते. पुन्हा या घरात साइटचा विषय काढायचा नाही."

"बरं," शालन म्हणाली.

आता बायको 'बरं' म्हणाली म्हणजे तिनं ऐकलं, असं समजणारे नवरे तेव्हाही होते. शालननं विषय काढला नाही, एवढं मात्र तिनं शब्दाला जागून केलं. पण दुपारी उमाकांत कारखान्यात गेला की शेजारच्या चंद्राबाईंच्या खोलीत ती पापड लाटायला बसू लागली. पापड चंद्राबाईंच्या नावानं विकले जायचे आणि पैसे त्यांच्याच डब्यात राहायचे.

फणसाचे पापड जास्त खपतात, म्हणून कच्चे फणस शोधत ती एकदा यशवंतपूरच्या अलीकडे मुनियप्पा नावाच्या माळ्याच्या मळ्यावर गेली. जाऊन बघते तो काय, भाजीच्या वाफ्यांच्या जागी चुन्याच्या रेघा आणि कोपऱ्याकोपऱ्यात दगड. मुनियप्पानं मळा तोडून साइट पाडल्या होत्या. बहुतेक विकल्याही गेल्या होत्या. टोकाची एक तेवढी उरली होती, आणि तिच्या मधोमध एक फणस उभा होता, बुंध्यापासून लगडलेला. बाकीचे लोक झाड तोडायचा खर्च नको म्हणून ती साइट सोडून जात होते. शालननं मात्र झाडाकडे बघितलं आणि तिथंच तिचा जीव जडला. फणस घ्यायला आलेली बाई साइटचा भाव विचारून बसली.

"बाराशे, अम्मा," मुनियप्पा म्हणाला. तिचं सीमेकडचं कन्नड ऐकून त्याला गंमत वाटत होती. "यजमानांचं नाव काय?"

शालन लाजली. नवऱ्याचं नाव काय असं चारचौघांत उच्चारायचं असतं? तिच्या आईनं कधी घेतलं नव्हतं, आजीनं तर चुकूनसुद्धा नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, संपलं.

"ते... आमच्या घरचे. कारखान्यात असतात," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"इथल्याच."

बंगळूरचे निम्मे पुरुष तेव्हा कुठल्या ना कुठल्या कारखान्यात होते. मुनियप्पानं नाद सोडला आणि तिला 'फणसाची अम्मा' म्हणू लागला. ती फणस घेऊन, मनात घर बांधत परत आली. तिचा बेत सोपा होता. पापडांचे दोनशे झाले की पोस्टातल्या हजाराची आठवण करून द्यायची आणि नवऱ्याला हाताला धरून थेट फणसाखाली आणून उभं करायचं. त्याच्या तोंडाकडे बघायचं, बस्स. त्या एका तोंडाच्या आशेवर तिनं मणभर पीठ मळलं असेल.

पण पुढच्या खेपेला मुनियप्पा मान खाजवत म्हणाला, "अम्मा, अजून एक गिऱ्हाईक आलंय. रविवारी येतात. कोट घातलेले साहेब. त्यांनी साडेबाराशे सांगितले."

"कोटवाल्यांना कशाला हवी ही टीचभर जागा?" शालन उसळली. "माझे तेराशे!"

रविवार झाला. साहेबांनी पन्नास चढवले. गुरुवारी शालननं पन्नास चढवले. मुनियप्पा बापडा खरा माणूस. एकाचा निरोप दुसऱ्याला सांगायचा, यापलीकडे त्यानं काही केलं नाही. "मी नाही वाढवत, अम्मा," तो म्हणायचा, "तुम्ही दोघं वाढवताय. मी फक्त ऐकतो."

शालन त्या न पाहिलेल्या कोटवाल्याला उठता-बसता शिव्या घालू लागली. पापड लाटताना लाटण्याखाली तोच असायचा. मेल्याला बंगला असेल, मोटार असेल, नळ तर तीन-तीन असतील, आणि डोळा कुठं, तर माझ्या फणसावर! शेवटी तिनं हातातल्या पाटल्या काढून चंद्राबाईंच्या ओळखीच्या सोनाराकडे गहाण टाकल्या आणि काचेच्या बांगड्या भरल्या. उमाकांतच्या ते लक्षातही आलं नाही. त्याचं हल्ली कशातच लक्ष नसायचं. रोज संध्याकाळी ओव्हरटाइम, रविवारी सकाळी मित्राकडे, आणि मित्राकडून येताना चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. शालनला त्याची दया यायची. बिचारा साइटचं दुःख गिळून बसलाय, असं वाटून ती त्याला रविवारी हमखास खीर करून घालायची.

हुशार माणसांच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. शालनच्या आलं नाही. दिवसभर एका माणसाला शिव्या द्यायच्या आणि संध्याकाळी त्यालाच तूप वाढायचं, हे चालू असताना कुणाच्या लक्षात येणार?

भाव पंधराशेला टेकला तेव्हा मुनियप्पा कंटाळला. श्रावणात त्याच्या लेकीचं लग्न होतं. त्यानं दोघांनाही सांगून टाकलं, येत्या रविवारी सकाळी इसाराचे पैसे घेऊन समोरासमोर या, आणि काय तो सोक्षमोक्ष लावा.

शनिवारी जेवताना उमाकांत भाताशी खेळत बसला होता. एकाएकी म्हणाला, "बायकांनी ना, व्यवहारात पडूच नये."

"का?" शालन चमकली.

"काही नाही. सहज. हट्टाला पेटतात आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळतात."

"आणि कोटवाले पुरुष काय करतात?" शालनच्या तोंडून निघून गेलं.

उमाकांतला जोराचा ठसका लागला. शालननं पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं. ताक वाढताना तिला उगीच भरून आलं. उद्या हे सगळं संपेल, मनात म्हणाली, मग तुम्हाला कशाचीच चिंता नाही.

रविवारी उमाकांत पिशवी सायकलला लावून नेहमीसारखा मित्राकडे गेला. तो वळणाआड होताच शालननं ठेवणीतलं पातळ नेसलं, पैशांचा रुमाल कमरेला खोचला आणि तरातरा निघाली. रेल्वेचं फाटक ओलांडेपर्यंत तिनं भाषण पाठ केलं. साहेब, तुम्हाला देवानं पुष्कळ दिलंय. आम्हाला हीच एक जागा. शेजारच्या मळ्यातल्या साइटचे अठराशे झालेत, ते आमच्या सात जन्मांत जमायचे नाहीत. एवढं ऐका, हात जोडते.

मळ्यात मुनियप्पा आणि त्याची बायको नंजम्मा उभे होते. फणसाखाली पाठमोरा एक माणूस, काळा कोट घातलेला, मान वर करून फणस मोजत होता.

शालनचं डोकं फिरलं. अजून जागा नावावर नाही, आणि आत्ताच फळं मोजतोय! पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं.

"री साहेब!" ती कन्नडमध्ये कडाडली. "फणस कसले मोजता? लाज नाही वाटत गरिबाच्या तोंडचा घास काढायला? आणि या उन्हात कोट कुणाला दाखवता?"

माणूस दचकला, पण वळला नाही. कोटाचा उजवा हात फक्त वर आला, डोकं खाजवायला. त्या कोपराला रफू होतं. शालन बघतच राहिली. वरातीत बैलगाडीच्या खिळ्याला अडकून फाटलेला कोट, आणि काळा दोरा संपला म्हणून निळ्यानं घातलेलं ते रफू. तिनं स्वतःच्या हातानं घातलेलं.

"अगंबाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

उमाकांत वळला. त्याच्या मुठीत पैशांचं पाकीट होतं, कपाळावर घाम होता, आणि घरून पिशवीत लपवून आणलेल्या कोटाला ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"तू?" तो म्हणाला. "फणसाची अम्मा तू?"

"कोटवाले साहेब तुम्ही?"

"तूच माझा भाव चढवत होतीस?"

"आणि माझा कोण चढवत होतं? ओव्हरटाइम काय हो! मित्र काय!"

"लोकांच्या घरांचे नकाशे काढत होतो संध्याकाळी, एका कंत्राटदाराकडे. पैसे जमले की पोस्टातल्या हजारात घालून तुला एकदम इथं आणणार होतो."

"ते हजार? ते तर मी धरलेत माझ्या हिशेबात!"

आणि मग शालनला हसू फुटलं. ती पदर तोंडाशी धरून हसली, मग पदर सोडून हसली, मग चक्क फणसाच्या बुंध्याला टेकून खाली बसली. उमाकांत आधी ओशाळला, मग तोही हसायला लागला, इतका की कोटाचं बटण तुटून चुन्याच्या रेघेवर पडलं.

मुनियप्पा घाबरला. "काय झालं, अम्मा? या साहेबांना ओळखता?"

"ओळखता म्हणजे? हे... हे आमचे..." शालन पुन्हा अडली. कानापर्यंत लाल झाली.

नंजम्माच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अय्यो! नवराबायको! घरातल्या घरात लिलाव लावलात होय?" ती नवऱ्याकडे वळली. "साहेबांनी पहिल्याच दिवशी नाव सांगितलं होतं ना तुम्हाला? या बाईनं नवऱ्याचं नाव सांगितलं असतं तर तिथंच संपत होतं सगळं."

"मी विचारलं होतं," मुनियप्पा म्हणाला. "सांगेना."

"कशी सांगेल? मी तरी तुमचं कुठं घेते?" नंजम्मा म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून तिनं निवाडा दिला. "हे वरचे तीनशे काही मळ्यात पिकलेले नाहीत. नवराबायकोच्या खुळेपणाचे पैसे लेकीच्या लग्नात नकोत मला. बाराशेलाच द्या. पण दोन गोष्टी. लग्नाचे पापड सगळे हिचे. आणि हिनं आत्ता, इथं, नवऱ्याचं नाव घ्यायचं."

मुनियप्पाचं तोंड एवढंसं झालं. शेजारच्या मळ्याकडे, तिथल्या अठराशेंकडे त्यानं एकदा बघून घेतलं. पण बायकोपुढे त्याचं कधी चाललं होतं? "सरी, बरं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाही हसू आलं.

शालन उठली. पदर सावरून डोक्यावरून घेतला. डोळे खाली, पण आवाज खणखणीत.

"पगार येतो बैलगाडीनं, भाव पळतो मोटारीनं;
उमाकांतरावांचं नाव घेते, उभी फणसाखाली जोडीनं."

नंजम्माला मराठी कळलं नाही, पण नाव कळलं. तिनं टाळ्या वाजवल्या. शालनच्या मनातली पाटल्यांची टोचणी त्या टाळ्यांत विरून गेली. पापडांचे दोनशे आणि पोस्टातले हजार मिळून बाराशे होतच होते. पाटल्या उद्याच सोडवायच्या, आणि उमाकांतच्या नकाशांच्या पैशांत पायाचे दगड येतील, असा हिशेब तिनं उभ्याउभ्या मांडला.

मुनियप्पानं इसाराचे पैसे कपाळाला लावले आणि विचारलं, "खरेदीखतावर नाव कुणाचं घालायचं, स्वामी? तुमचंच ना?"

"नाही," उमाकांत म्हणाला. "हिचं घाला."

"बरं. नाव सांगा."

उमाकांतची पंचाईत झाली. घरात तो तिला 'अगं' म्हणायचा. दारात लोक असले तर नुसताच खाकरायचा. त्यानं झाडाकडे बघितलं, तुटलेल्या बटणाच्या जागेशी चाळा केला, नंजम्माकडे केविलवाणं बघितलं. नंजम्मा कमरेवरचा हात काढेना.

"उखाणा नाही येत मला," तो पुटपुटला.

"नुसतं सांगा," नंजम्मा म्हणाली.

"शालन," तो म्हणाला. मग सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "शालन!"

सहा वर्षांत आपलं नाव त्याच्या तोंडून असं मोकळ्यावर तिनं पहिल्यांदाच ऐकलं. त्या घटकेला मुनियप्पानं वर आणखी तीनशे मागितले असते, तरी तिनं हूं की चूं न करता कबूल केले असते.