बेचिराख गावांची यादी

माझ्या भावाची कीर्ती सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही, आणि मला आज कीर्ती सांगायचीच नाहीये. तरी तो कोण ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई उगाच तणतणतेय.

धर्मेंद्र माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. आमचं गाव धावडापाणी, चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. चाळीसेक घरं. तो धुळ्याच्या वसतिगृहात राहून शिकला, पुण्याला अर्थशास्त्रात पहिला आला आणि थेट रिझर्व्ह बँकेत अधिकारी झाला. गावाला वाटलं, आता नोटेवर याचीच सही येणार. आमच्या शेजारचे पुना आबा वर्षभर हातात आलेली प्रत्येक नोट उलटीपालटी करून बघायचे. धर्मा तिथे महागाईचे अंदाज काढायचा. तूरडाळ पुढच्या वर्षी कुठे जाईल, खेड्यातला माणूस साबण किती घेईल, असलं काहीतरी. मी धुळ्याला प्राथमिक शाळेत मास्तरीण. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वर्गात त्याचा फोटो दाखवायचे. खोटं कशाला बोलू, मिरवायचेच.

मग त्याने एक नवी पद्धत बसवली. उपग्रह रात्री जमिनीचे फोटो काढतो. जिथे उजेड जास्त तिथे कारखाने, दुकानं, पैसा. नुसत्या उजेडावरून एखाद्या भागाची कमाई सांगता येते, हे त्याने आकड्यांनी सिद्ध केलं. परदेशात भाषणं झाली. भुसावळ किती ठसठशीत दिसतं, नरडाण्याची एमआयडीसी वर्षागणिक कशी पसरत गेली, हे फोनवर सांगताना तो लहानपणीसारखा भरभर बोलायचा. मी विचारलं, आपलं गाव दिसतं का रे? तो हसला. म्हणाला, अक्का, तेवढं बारीक कोण बघतं!

त्या नावावर त्याला राज्याच्या एका समितीवर घेतलं. गावोगावच्या सोयींसाठी पैसा कसा वाटायचा ते ठरवायचं होतं. पैसा थोडा, गावं फार, आणि त्यात कित्येक गावं नुसती कागदावर उरलेली. तलाठ्याच्या दप्तरात अशा गावाला बेचिराख म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लावायलाही कुणी नाही. धर्माने उपग्रहाच्या फोटोंवरून अशी गावं शोधून यादी केली. यादीतल्या गावांवरचा खर्च बंद. अहवालाचं फार कौतुक झालं. यादीबद्दल एकही तक्रार आली नाही म्हणे. बेचिराख गावातून तक्रार करणार तरी कोण?

गेल्या दिवाळीत मी मायकडे गेले. गाव नेहमीसारखं ऊसतोडीला निघून गेलं होतं. दारांना कुलपं, अंगणात काट्याच्या फांद्या लावलेल्या. मागे राहिलेली चार म्हातारी माणसं: माय, पुना आबा आणि पलीकडच्या दोघी. मायला बीपीचा त्रास. सरकारी उपकेंद्रातल्या डिंपल सिस्टर दर मंगळवारी स्कूटीवर यायच्या, बीपी बघायच्या, चौघांना गोळ्या द्यायच्या. माय म्हणाली, पावसाळ्यापासून आल्याच नाहीत. तालुक्याला जाऊन मी चांगलीच भांडले. तिथल्या बाबूने गुपचूप यादी पुढे सरकवली. चौतिसावं नाव धावडापाणी.

मी तिथूनच धर्माला फोन लावला. कारकुनाची चूक असेल, बघतो, म्हणाला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा आवाज ऑफिसातला होता. पावसाळ्यात ढगांमुळे फोटो येत नाहीत, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे घेतले. त्या महिन्यांत आकाश स्वच्छ असतं.

मी फोनवरच ओरडले. "अरे, त्या महिन्यांत गावात असतं कोण? तू स्वतः लहानपणी दहा वर्षं मायच्या कोयत्यामागे उसाच्या फडात हिंडलास ना?"

तो म्हणाला, पुढच्या फेरीला दुरुस्त करू. आत्ता बोललो तर सगळ्या अहवालावरच शंका घेतील. तेव्हा त्याच्या बढतीचं चाललं होतं, देशाच्या पैशाचं धोरण ठरवतात त्या टेबलापर्यंत जाणारी बढती. मी फोन आपटला.

आणि मग माझ्या जिभेने घात केला. मायसमोर सगळं ओकून टाकलं. म्हटलं, तुझा लेक वरून रात्रीचा उजेड मोजतो, आणि तू एकटीला कशाला म्हणून बल्ब न लावता निजतेस, म्हणून तुझं गाव मेलं. माय रागावली नाही. कपाळाला हात लावून एवढंच म्हणाली, "मन्हीच चूक शे मंग."

मी धुळ्याहून दोन महिन्यांच्या गोळ्या आणून दिल्या आणि शाळा सुरू झाली म्हणून निघून आले. त्या गोळ्या तिने चौघांत वाटल्या, हे मला मागाहून कळलं. सगळ्यांच्या गोळ्या सारख्याच असतात, असा तिचा समज.

माघात तिला लकवा मारला. पुना आबांनी दुधाच्या टेम्पोत घालून जळगावला सरकारी दवाखान्यात आणलं. मी दुपारी पोचले, धर्मा दुसऱ्या दिवशी सकाळी. मायचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्याला बघून तिने डावा हात उचलला आणि अडखळत विचारलं, "दिसना का रे, बल्ब?" दिसना म्हणजे आमच्या बोलीत दिसला.

त्याला काही उमगलं नाही. मी त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. पुना आबांकडून मला सगळं कळलं होतं. मी गेल्यापासून मायने अंगणातल्या उंच बांबूला बल्ब बांधला होता आणि तो रोज रात्रभर जळत ठेवत होती. धर्मा वरून बघतो, त्याला दिसलं की सिस्टर परत येतील, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वायर आबांनीच आणून दिली होती.

धर्मा भिंतीला टेकला. बाजूला लोक डबे घेऊन ये-जा करत होते.

"अक्का, एक बल्ब दिसत नाही. दिसला तरी तेवढा बारीक उजेड आम्ही चूक समजून काढून टाकतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी," तो म्हणाला.

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. तो आत गेला, मायचा हात हातात घेऊन म्हणाला, "दिसना, माय."

माय हसली, जेवढं हसता येत होतं तेवढं. मग काहीतरी पुटपुटली. आम्ही दोघं वाकलो.

"मंग सिस्टरले धाड. पुना आबान्या गोया सरी गयात."

आबांच्या गोळ्या संपल्याची काळजी तिला. तो हो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी माय गेली. आम्ही तिला गावी नेलं. गाव कारखान्यावर होतं, त्यामुळे धर्मा, पुना आबा, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि मी, अशा चौघांनी खांदा दिला.

दहाव्यानंतर धर्माने समितीला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, गाव यादीतून काढा, असं सरळ लिहिलं. बढती हुकली, त्याचं मला काही वाटलं नाही, आणि खरं म्हणजे त्यालाही नाही. दीड महिन्याने उत्तर आलं की सदर गावात हिवाळ्याच्या महिन्यांत वस्ती असल्याचा एखादा अधिकृत पुरावा जोडावा.

गावात त्या महिन्यांचा दुसरा सरकारी कागद होता कुठे? राहण्याचा पत्ता धावडापाणी असा लिहिलेला मायच्या मृत्यूचा दाखला धर्माने जोडला.