मागच्या सीटवरची थोरली

"तुम्ही मला मुद्दाम आणलंत, की धाकट्याबरोबर घ्यावंच लागलं म्हणून आणलंत?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या मागच्या सीटवरून आला आणि भर चढावर माझं इंजिन बंद पडलं. खरं तर बाबांचा पाय क्लचवरून सटकला होता, पण आळ माझ्यावर आला. नेहमीप्रमाणे!

मी एक जुनी गाडी आहे. लाँड्रीची. पुढे दोघांची जागा, मध्ये एक लांब सीट आणि मागे कपडे टांगायची दांडी. कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. आता माझ्या रंगाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला एका जागी उभं राहवत नाही. सिग्नललासुद्धा मी थरथरत असते. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे पांढरे कोट, नाटकवाल्यांचे झगे, सगळं माझ्या पोटात घालून मी दिवसभर गावभर हुंदडायची. "आमची म्हातारी कधी बंद पडत नाही हो!" असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि मी फुशारून जायची. फार उशिरा माझ्या लक्षात आलं, की कधी बंद पडत नाही म्हणूनच माझं बॉनेट कुणी उघडत नाही. तेल काळंकुट्ट झालं, मागचं दार दोरीनं बांधायची वेळ आली, तरी कौतुक आपलं चालूच!

आई-बाबांना मूल नव्हतं. खूप वाट पाहिल्यावर दूरच्या एका देशातल्या अनाथाश्रमातून फोन आला, की एक छोटा मुलगा आहे, घेऊन जा. बाबांनी त्याच दिवशी एक इवलीशी सीट आणली आणि माझ्यात बसवली. आधी उलटी, मग आडवी, मग शेजारच्या काकूंनी सरळ करून दिली. दोघं विमानानं गेले. परतायच्या दिवशी शेजारचे काका मला विमानतळावर घेऊन गेले. मी वाट बघत थरथरत होते. बघते तर काय, गेले दोघं आणि आले चौघं!

मुलाला एका मुलीनं कडेवर घेतलं होतं. ती स्वतःच केवढीशी होती! बाबा "दे, दे इकडे" म्हणत होते, पण ती त्याला सोडेना. तिनं माझ्यात डोकावून पाहिलं. एकच छोटी सीट. तिनं भावाला तीत बसवलं, कुणी न शिकवता पट्टा लावला आणि स्वतः कपड्यांच्या गाठोड्याला टेकून बसली.

"बघा हो, किती सांभाळते त्याला!" आई म्हणाली. "ही आहे म्हणून आपली काळजीच मिटली."

मुलीला भाषा कळत नव्हती. पण कौतुक कळायला भाषा लागते होय?

तेव्हापासून तेच. धाकट्याचं दप्तर थोरलीच्या खांद्यावर. धाकट्याचे बूट थोरली बांधणार. धाकट्याचं पोट भरल्याशिवाय थोरली घास घेणार नाही. आई येईल त्याला सांगायची, "आमची थोरली म्हणजे सोनं आहे सोनं." ते ऐकून थोरली आणखी एक काम अंगावर घ्यायची.

एकच गोष्ट ती स्वतःसाठी करायची. पळायची. गिऱ्हाइकांची गाठोडी घेऊन ती लिफ्टच्या आधी वर पोचायची. शाळेतल्या खेळाच्या सरांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या गावच्या क्रीडा होस्टेलमध्ये तिची निवड झाली. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. तिनं घरी "मला नाही जायचं" म्हणून टाकलं. आणि तेव्हापासून माझ्या सीटवर तिचा पाय एकसारखा हलत होता.

त्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी तिच्या मैत्रिणींनी तिला घेरलं. माझी खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"जात का नाहीस गं, शहाणे?"

"धाकट्याला कोण बघणार? त्यासाठीच तर आणलंय मला."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे?"

"मग विचार की घरी! हिंमत असेल तर आजच विचारून दाखव. घाबरट!"

घाबरट म्हटल्यावर ऐकून घेईल ती थोरली कसली! माझ्यात धाकट्याशेजारी बसली, पुढे आई-बाबा होतेच, आणि चढावर तिनं विचारलं.

मागून हॉर्नचा नुसता गोंगाट झाला. बाबांनी मला कशीबशी कडेला घेतलं. आई मागे वळली.

"खरं सांगू? आम्ही एकट्या धाकट्यासाठीच गेलो होतो."

"वाटलंच होतं मला!"

"पुरतं ऐक की! तिथं गेल्यावर कळलं, त्याला बहीण आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलाला एकट्याला नेलंत तरी चालेल. आम्ही अंगणात बसून विचार करत होतो. दोघं झेपतील का, लाँड्री कोण बघेल. तेवढ्यात तू आलीस, बाबांच्या डोक्यावरची टोपी उचललीस आणि पळालीस. हा भोकाड पसरून रडत होता, तू त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस!"

"मी?"

"तूच! हे मागे पळून पळून दमले..."

"दमलो नव्हतो," बाबा म्हणाले. "चपलेचा पट्टा तुटला होता."

"बरं, पट्टा. तर हे लंगडत आले आणि म्हणाले, ही पण आपली. टोपी परत मिळायच्या आधीच म्हणाले."

थोरलीनं धाकट्याच्या बुटाची नाडी ओढून घट्ट केली. मग हळूच म्हणाली, "त्यानंतर त्या बाईंनी मला बाजूला घेतलं होतं. आमच्या भाषेत म्हणाल्या, भावाला नीट सांभाळ, म्हणजे तुलाही ठेवून घेतील."

किल्ली फिरवायला गेलेला बाबांचा हात तसाच राहिला. "आणि मी रोज कौतुक करत बसले," आई म्हणाली. "ती टोपीचोर कुठं गेली, हे विचारलंच नाही कधी."

"मला बूट बांधता येतात," धाकटा मध्येच म्हणाला. "गेल्या वर्षीपासून. तुला वाईट वाटेल म्हणून पाय पुढे करतो."

"गाढवा! मग सांगितलं का नाहीस?"

मित्रांनो, एरवी मला क्षणभर उभं राहवत नाही. पण बाबांनी किल्ली फिरवली तेव्हा मी मुद्दाम चालू झाले नाही. तुमच्या घरी कुणी कधी कुरकुरत नसेल, तर त्याचं नुसतं कौतुक करू नका. अधूनमधून बॉनेट उघडून बघा. एवढं ऐका या म्हातारीचं.

थोरलीनं दार ढकललं आणि रस्त्यावर उतरली. खिडकीत डोकं घालून आई-बाबांना म्हणाली, "सोमवारी मी सरांना हो सांगणार. होस्टेलला जाणार. तिथं करमलं नाही तर परत येईन, आणि आले की कुण्णाचं काही करणार नाही. नुसती लोळत पडेन. चालेल का, असं विचारत नाहीये मी. सांगतेय."