ताराताईंनी विसळलेला थर्मास

मला राग पटकन येतो, आणि विज्ञान मेळ्यात जरा जास्तच. सोडा टाकून ज्वालामुखी उकळवणारी पोरं दिसली की माझं डोकंच फिरतं. म्हणून यंदा गुजरातेतल्या उधन्याच्या आमच्या शाळेतून मी एकट्या स्नेहाला नेलं. बारावीतली, शेजारच्या बमरोलीची, बोलणं कमी आणि शंका फार.

तिचा प्रयोग साधा होता. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता बाहेर पडते. ती किती, हे तापमानावरून मोजायचं आणि त्यावरून अभिक्रियेची एन्थाल्पी, म्हणजे मोलमागची उष्णता, काढायची. त्यासाठी महागडा कॅलरीमीटर नव्हता. तिचे वडील कापडाच्या लूमवर कामाला जाताना चहा न्यायचे तो जुना स्टीलचा थर्मास होता, झाकणाच्या भोकात थर्मामीटर खोचलेला. शाळेत दर वेळी उत्तर छप्पन्न किलोज्यूलच्या आसपास यायचं. पुस्तकात सत्तावन्न. थर्मासने केलेल्या कामाला आणखी काय हवं? इथे निवड झाली की थेट गांधीनगरचा राज्य मेळा, आणि स्नेहाने त्याचा ध्यास घेतला होता.

परीक्षक देसाईसर टेबलापाशी आले. स्नेहाने दोन्ही द्रावणांचं तापमान घेतलं, सारखंच भरलं. दोन्ही थर्मासमध्ये ओतली, झाकण लावलं, हलवलं. पारा चढत गेला आणि नको तिथे जाऊन थांबला. हिशेब आला सत्तर.

"आटलुं बधुं केम?" एवढं जास्त कसं, असं देसाईसरांनी विचारलं.

स्नेहाने आकडेमोड पुन्हा करून पाहिली. शेजारच्या टेबलावरून शुभम कुजबुजला, "सत्तावन लिख दे ना, कौन देखता है!" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्या ज्वालामुखीमागे लपला. पण खरं सांगते, धास्ती मलाही वाटत होती. गांधीनगर हातचं जात होतं.

"सर, आलंय ते सत्तरच," स्नेहा म्हणाली. "पण ते चूक आहे. का, ते शोधायला थोडा वेळ द्या."

"बाकीची टेबलं बघून येतो," सर म्हणाले.

तिने द्रावणं तपासली, थर्मामीटर तपासला. सगळं ठीक. मग ती एकदम मागे वळली. तिची आई, ताराताई, पदर सावरत उभ्या होत्या. सकाळपासून थर्मास त्यांनीच जिवापाड सांभाळला होता.

"आई, माझ्याकडे देण्याआधी तू थर्मासचं काय केलंस?"

"काय करसू? कँटीनमा गरम पानीघाई इसळी लिन्हा. नहीतं चहा थंडा व्हयी जास ना!"

म्हणजे थर्मास आधीच तापलेला होता! मग ताराताईंनाच उमगलं की आज थर्मासमध्ये चहा नव्हता. इतक्या वर्षांची हाताची सवय! त्यांचे डोळे भरून आले. "मन्हामुळे बिघडनं का वं सगळं?"

मला त्यांना ओरडावंसंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. मी काही करायच्या आत स्नेहानेच आईचा हात धरला. "रडू नकोस. पुन्हा विसळ. अगदी मघासारखाच, तेवढ्याच गरम पाण्याने."

ताराताई कँटीनकडे धावल्या. तोवर देसाईसर परतले होते. या वेळी स्नेहाने विसळलेल्या थर्मासमध्ये नुसतं साधं पाणी ओतलं, द्रावणांएवढंच आणि त्याच तापमानाचं. कसलीही अभिक्रिया नाही, तरी पारा थोडा चढला.

"सर, एवढी उष्णता अभिक्रियेची नाही, थर्मासची," ती म्हणाली, आणि आधीच्या वाढीतून तेवढी वजा केली. उत्तर आलं छप्पन्न.

देसाईसर खो खो हसले आणि गुजरातीतच म्हणाले, "सगळ्या टेबलांवर पुस्तकातली उत्तरं पाहून कंटाळलो होतो. चूक मोजून वजा करणारी तूच भेटलीस. गांधीनगरला जायचं, दीकरी!"

मी भर मंडपात टाळ्या वाजवल्या. विद्यार्थी बघतायत याचं भान राहिलं नाही.

ताराताईंना गुजराती पूर्ण कळलं नाही, पण गांधीनगर कळलं. लेकीच्या गालावरून हात फिरवत त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "मन्ही पोरनी मन्ही चूकबी कामले लायी!"