चार माऊसची माटोळी

मी एक जुना संगणक आहे, इब्रामपूरच्या एका प्राथमिक शाळेतला. आमच्या पद्मावतीबाई गेल्याची बातमी सोमवारी आली. त्या दिवशी माझ्यावरचे कापड कोणी काढले नाही. मुले आली, उभी राहिली आणि घरी गेली.

मित्रांनो, मी शाळेत आलो तेव्हा मला एकच माऊस होता आणि एका गटात चार मुले. ज्याचा हात दांडगा त्याच्याकडे माऊस. तो बहुतेक साईशकडे असे. राणी आणि नितीन बघत बसत. समीक्षा तर हात मांडीखाली घेऊन बसायची. ती वर्गात बोलतच नसे.

बाईंनी हे पाहिले आणि आपल्या नवऱ्याला बोलावले. कृष्णनाथ कारापूरला संगणक दुरुस्त करतात, प्रोग्रामही लिहितात. त्यांनी मला चार माऊस जोडले. पडद्यावर चार रंगांचे बाण आले. बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी माटोळीचा खेळ लिहिला. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळे, पाने, रानातले काहीबाही बांधतात, ती माटोळी. आमच्या गावात ती कोणी एकटा बांधत नाही. खेळात फळ कोणत्या झाडाचे किंवा वेलाचे ते ओळखून बांधायचे होते.

पहिल्याच दिवशी साईशने सगळी फळे एकट्याने बांधून टाकली.

"झालं की काम," कृष्णनाथ म्हणाले.

"साईशचं झालं. बाकीची तिघं कीर्तनाला बसल्यासारखी बसली. अहो, ही माटोळी की लूट?"

"मग काय करू गो, त्याचे हात बांधू?"

"हात नको, फळ बांधा. ज्याचं फळ त्याच्याच माऊसने हलू दे. आणि चौकट वर चढू दे ती चौघांनी ओढल्यावरच. घड्याळ नको, पहिला नंबर नको."

तसे झाले. समीक्षाच्या वाट्याला चिबूड आला. तो बांधायचा राहिला असतानाच साईश चौकट ओढायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "थांब रे, माझो चिबूड रवलो." वर्गात तिचे पहिले बोलणे ते. साईश थांबला. माझे पुष्कळ कौतुक झाले, पण मला ते थांबणेच आठवते.

पुढे नितीनच्या वडिलांचे बांधकामावरचे काम संपले आणि ते सगळे बेळगावकडे परत गेले. नारळांची पेंड, म्हणजे नारळांचा घड, नितीनची होती. ती हलेना आणि माटोळी खालीच अडली.

"त्याची पेंड दुसऱ्याला देऊ?" कृष्णनाथांनी विचारले.

"नको. त्याची ती त्याचीच. बाकीच्यांनी काय करायचं ते सोमवारी सांगते."

तो सोमवार मी सुरुवातीला सांगितला आहे.

बाईंच्या जागी योगेश सर आले. पाहुणे शाळा बघायला येणार होते. सरांनी कोणाकडून तरी खेळ बदलून घेतला. एक माऊस, घड्याळ आणि पहिला येईल त्याला टाळ्यांचा आवाज. उरलेल्या तीन माऊसच्या वायरींनी फाटकावर फलक बांधला. फलकावर लिहिले होते, 'एकत्र शिकू या'. मला किळस आली. पाहुण्यांनी मला कुंकू लावले. एकाने भजी खाऊन तेलाची बोटे माझ्या कळांना पुसली. साईश पहिला आला, त्याच्याबरोबर सगळ्यांनी फोटो काढले. "मुलं कशी मिळून शिकतात," एक पाहुणे म्हणाले. समीक्षाचे हात मांडीखाली होते. साईश फोटोतून बाहेर आला आणि म्हणाला, "सर, ह्यात मजा नाय." ते तेल अजून माझ्या कळांत आहे, पण त्या पाहुण्यांच्या बोलण्याइतकी घाण त्याची येत नाही.

बाईंचे सामान न्यायला कृष्णनाथ आले. त्यांनी फाटक पाहिले.

"तुमच्या खेळात एक पोर आलं नाही की सगळं अडतं हो," योगेश सर म्हणाले. "पाहुण्यांपुढे अडलं असतं तर?"

"अडू दे. वाट बघायची."

"आणि जो येणारच नाही त्याची?"

बोलून झाल्यावर सरांनी मान खाली घातली. कृष्णनाथांनी फाटकावरून तिन्ही माऊस सोडवले, पुसले, मला जोडले आणि जुना खेळ परत घातला.

मित्रांनो, मला नाही पुसले तरी चालेल. शेजारच्याचे हात मांडीखाली गेलेले दिसले, तर तुम्ही थांबा.

आता साईश, राणी आणि समीक्षा रोज माझ्यासमोर बसतात. तिघांची फळे बांधून झाली आहेत. नितीनची पेंड तिच्या जागी आहे आणि माटोळी खालीच आहे. बाकीच्यांनी काय करायचे ते बाईंनी सांगितले नाही, आणि कृष्णनाथांनी अजून लिहिलेले नाही.